माझ्या वाटीतला दाणा

अमरावती, २ मे १९६७
माझ्या विमलचं शिक्षण संपलं. मुंबईत कॉम्प्युटरच्या कामावर बोलावलंय, पंधराला हजर व्हायचं. भाऊजी अकोल्याहून आले. "वयनी, पोरीले मशीनपाशी काहून धाडता? अचलपूरचं स्थळ हाय. रविवारी पाहाले येतात." मी चहा ठेवला. हो म्हटलं नाही.

४ मे
विमलला विचारलं, ते मशीन मराठी समजतं का गं? म्हणे, आकडेच समजतं. माणसानं लिहिलेल्याचे आकडे करणारा एक प्रोग्राम असतो, कंपायलर. मग तो कोणत्या भाषेत लिहिला? विमल म्हणाली, "पहिला आकड्यांतच, हातानं, लहानसा. मग त्याच्या आधारानं पुढचा मोठा, त्याच्याच भाषेत."
समजलं. यांनी आजारपणात अंथरुणावरून मला बाराखडी तेवढी शिकवली. पुढचं मी वाचता वाचताच शिकले. आज हे असते तर... जाऊ दे.

६ मे
आज विमलनं संच समजावला. कोण आत, कोण बाहेर, एवढंच. पहिलं-दुसरं नाही, एकाला दोनदा मोजणं नाही. तिच्या मशीनच्या भाषेत हा प्रकारच नाही म्हणे. "मग कसं करता?" "नसला तर आपण बनवायचा, आई."
चार वाट्या ओळीनं मांडल्या. एकेक बाई, एकेक वाटी. आत असेल तर तुरीचा दाणा, नसेल तर रिकामी. म्हटलं, तू निघशील तेव्हा तुला ओवाळायला कोण चालेल, त्यांचा संच कर. जाऊबाईंच्या वाटीत दाणा. शेजारच्या कमलाबाई, त्यांची सून, दाणा, दाणा. चौथी माझी. विमलचा हात थांबला.
दाणा मीच टाकला.

७ मे, रविवार
पाहुण्यांना सरळ सांगितलं, पोरगी मुंबईले चालली. भाऊजी लाल झाले. "उद्या काही झालं तं आमच्या दारी येऊ नका."
"नाई येत. पोहे तरी खाऊन जा."

१३ मे
जाऊबाई आल्या नाहीत. तबक मीच उचललं. कमलाबाई दारातूनच, "अवो, तुमी?"
"हो, मीच."
कुंकू लावलं, ओवाळलं. बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीत बसवून आले. घर फार मोठं वाटतं.

१७ मे
पोचल्याची तार नाही. भाऊजींचा निरोप मात्र आला: पोरगी परत बोलवा, अचलपूरचे अजून थांबले आहेत. निरोप्याला म्हटलं, सांग त्याईले, कुंकू मी लावलं हाय.
तीन वाट्या फळीवर ठेवल्या. चौथी अजून ओट्यावरच आहे, दाण्यासकट.