तडकलेल्या पुंगळ्या

अण्णा, आम्ही दुबईला आलो ते तुम्ही गेल्यावर, त्यामुळे यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. मंदी आली तेव्हा ह्यांची बिल्डिंग कंपनी बंद पडली. अल बर्शाचा फ्लॅट सोडून आम्ही बर दुबईत, देवळाच्या गल्लीत, एका खोलीत आलो. व्हिसा संपायच्या आत ह्यांना एका शूटिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. काम तुमचंच, काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचं. तुम्ही कारखान्यात नव्या घडवत होता. हे झाडलेल्या गोळा करून, धुऊन, साच्यात दाबून पुन्हा भरण्याजोग्या करत.

सुरुवात बरी झाली, मग पुंगळ्या गळ्याशी तडकायला लागल्या. पितळ कडक झालं असेल म्हणून ह्यांनी गळे तापवून मऊ केले, साचा बदलला, तेल बदललं. तरी केसासारख्या उभ्या चिरा येतच राहिल्या. जेवतानाही तोच विषय. मी म्हटलं, "अहो, प्रत्येक कामानंतर थोड्या बाजूला काढून ठेवा ना, कुठे तडकतात ते तरी कळेल." तुम्ही घरीही असंच करायचात. दूध नासलं तरी आधी पातेलं, मग गॅस, मग दूधवाला, असं क्रमाने विचारायचात आणि आई वैतागायची. ह्यांनी ठेवून पाहिलं, तर नुसत्या धुतलेल्या, साच्याला न लागलेल्या पुंगळ्याही तडकलेल्या.

त्या संध्याकाळी ह्यांचा शर्ट भिजवताना नाकात झणका गेला. "आई, इट स्टिंक्स!" धाकटी ओरडली. तो वास मला ओळखीचा, कल्हईवाल्याच्या नवसागराचा. आणि मी एकदम आपल्या क्वार्टरच्या मागच्या दारी उभी आहे. शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर मी देवाची पितळी उपकरणी वाळत ठेवली आहेत आणि तुम्ही ड्यूटीवरून येता येताच ओरडताय, "गोठ्याशी पितळ ठेवतात का? उचल आधी!" मी ते सोवळ्यातलं समजले आणि पुढे मुलींनाही तसंच शिकवलं. पण तुम्ही म्हणाला होतात, "ठोकून-दाबून केलेलं पितळ आतून ताणलेलं असतं. गोठ्याचा नाहीतर नवसागराचा वास लागला की फुटतं."

"पुंगळ्या कशात धुता हो?"

"काच पुसायचं अमोनियाचं लिक्विड टाकतो पाण्यात. मॅनेजरला चमक पाहिजे. हबीबी, शाईन, शाईन!"

मी तुमचं बोलणं सांगितलं. हे हसले. "सासरेबुवांनी लग्नात स्कूटर दिली नाही, त्याऐवजी ही विद्या दिली होय!" पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडचं लिंबाचं सत्त्व घेऊन गेले. त्यात धुतलेल्या पुंगळ्या मळकट दिसल्या, पण एकही तडकली नाही.

खरी अडचण पुढेच होती. त्या लिक्विडमध्ये धुतलेल्या पुंगळ्यांची पिंपं भरलेली. त्यातल्या पुष्कळ दिसायला धड, पण आत चीर असली तर बंदूक झाडणाऱ्याच्या तोंडाशी फुटायची. "सगळं भंगारात घाला म्हणालो, तर मॅनेजर आधी मलाच घालेल," हे म्हणाले. नोकरी गेली की व्हिसा गेला, मुलींची शाळा गेली. सकाळी चपला घालताना ह्यांनी विचारलं, "सांगू ना?" मी म्हटलं, "सांगा."

ह्यांनी सांगितलं. मॅनेजर चिडला, पण पिंपं भंगारात गेली. ह्यांना वर्कशॉपमधून काढून उन्हाळाभर मैदानावर निशाण्यांचे कागद चिकटवायला लावलं. हे काळे ठिक्कर पडले, पण नोकरी राहिली आणि आम्हीही राहिलो. आज कोणी आलं की हे सांगतात, "हिने धीर दिला म्हणून बोललो." मी चहा ठेवायला उठते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तेवढं लिहिते. त्या सकाळी हे जिना उतरल्यावर मी देवापुढे हात जोडले आणि मागितलं, आज ह्यांना बोलायचा धीर होऊ नये.