न वाळणारा टॉवेल

हॅम्बर्ग, शुक्रवार

ती. आईंना,

वेदांगचा देह सापडला नाही, तर सोमवारी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी उरकून टाकू, असा तुमचा फोन आला तेव्हा मी फक्त 'हं' म्हणाले. आई, मी घरी नव्हते. टेनेरीफला होते, तुमचा मुलगा बुडाला त्याच ज्वालामुखीच्या बेटावर.

समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावरून पायऱ्या उतरलं की काळ्या खडकात समुद्राला जोडलेलं पोहायचं कुंड आहे. तिथे येणाऱ्या जर्मन लोकांसारखा वेदांगही सकाळीच टॉवेल टाकून जागा धरायचा. मीही त्याचा निळा टॉवेल खडकावर टाकला. एका जर्मन आजोबांनी जागा रिकामी आहे का विचारलं. "नाही, माझा नवरा येतोय," मी म्हणून गेले. सवय, दुसरं काय!

कॉफी घेऊन परतले तर टॉवेल ओलाचिंब. तिथून पाण्यापर्यंत ओली पावलं उमटलेली. आजोबा म्हणाले, "तुमचे मिस्टर परत पाण्यात गेले. तुम्ही कधी येताय, विचारत होते."

तो टॉवेल चार दिवसांपासून इथे हॅम्बर्गच्या घरी हायत्सुंगवर, खोली गरम करणाऱ्या हीटरवर, वाळत घातलाय. अजून ठिबकतोय.

मला पोहता येत नव्हतं म्हणून गेल्या वर्षी मी काठावरच ओरडत राहिले. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. आणि वर्षभर मी इथल्या श्विमबादमध्ये, तरणतलावात, पोहायला शिकले, ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. सोमवारी तुम्ही विधी करून त्याला निरोप द्यालच. त्याआधी मला त्या कुंडावर पोचायला हवं. बॅग भरून झालीये. या वेळी दोन टॉवेल घेतलेत.

तुमची सून,
मैत्रेयी