शेवटची चार षटकं

उदगीर,
सोमवार, दुपारचा एक वाजलाय.

प्रिय मामा,
शरणार्थ.

सासऱ्याला कुणी 'प्रिय' लिहीत नाही, ठाऊक आहे मला. तीर्थरूप लिहायला हवं होतं. पण तीर्थरूप लिहिलं की पुढं सगळं सोवळ्यातलं लिहावं लागतं, आणि आज मला खरं लिहायचं आहे. साडेतीनला तिकडं इंग्लंडमध्ये पाचव्या दिवसाचा खेळ सुरू होईल. गौरी शाळेतून आलेली असेल, तुमचे चिरंजीव मोंढ्यातलं आडतीचं दुकान लवकर बंद करून येतील, आत्याबाई दिवाणावर मांडी घालतील आणि पुन्हा सगळे टीव्हीपुढं बसतील. त्याच्या आत मला हे पत्र पुरं करायचं आहे.

आधी कालचं सांगते. तुम्ही गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, आपल्या घरात कसोटी सामना लागला नव्हता. काल ह्यांनीच लावला. आपली टीम दोन कसोट्या हरून बसली आहे आणि तिसरीतही तेच चाललंय. आजचा दिवस खेळून काढायचा आहे आणि हाताशी सहाच विकेट आहेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई बेकार खेळायलेत. पण बघू." एवढं बोलून खुर्ची पुढं ओढली असती.

काल त्या खुर्चीवर गौरी बसली होती. आपल्या दोन बॅटवाल्यांनी चांगला जम बसवला, तशी तिनं तुमच्यासारखं बोट वर केलं आणि तुमच्याच आवाजात म्हणाली, "कुणी हलायचं न्हाई!" काय हसले सगळे! आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. दीड वर्षात हे पहिल्यांदा एवढे हसले असतील. आणि हसता हसताच ह्यांनी छातीवरून हात फिरवला.

"काय झालं हो?" मी उठलेच.

"काही न्हाई गं. भज्यानं ॲसिडिटी व्हायलीय."

"आई, बस!" गौरी ओरडली. "विकेट जाईल!"

आणि मी बसले. मामा, मी पुन्हा बसले! त्यांना काही झालं नाही. दोन ढेकर दिले, सोडा घेतला, आज सकाळी नेहमीसारखे दुकानावर गेले. पण मी बसले, त्याचं काय करू?

हा नियम काढला कुणी? तुम्हीच नं? जोडी जमली की ज्यानं त्यानं आपल्या जागेवर राहायचं. बोलायला परवानगी, उठायला नाही. दूध उतू गेलं तर जाऊ द्यायचं. एकदा सोमवारची भिक्षा मागायला स्वामी आले, तर तुम्ही त्यांनासुद्धा हात जोडून ओसरीवर बसवून ठेवलं होतं, "स्वामी, एवढी ओव्हर होऊ द्या" म्हणून! बिचारे अर्धा तास बसले. त्यांनाही शेवटी गोडी लागली.

मी बिलोलीहून या घरात आले तेव्हा मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या माहेरी टीव्हीचा ताबा आमच्या काकूंकडं. तुम्हीच शिकवलंत. दुकानातून आणलेले धान्याचे नमुने ताटात मांडून! हरभऱ्याचे दाणे म्हणजे फिल्डर, तुरीचे दोन म्हणजे आपले बॅटवाले, आणि सोयाबीनचा दाणा धावत यायचा. नव्या सुनेला ताट पुढं ठेवून स्लिप आणि गली शिकवणारा सासरा अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा नसेल.

मी विचारलं होतं तुम्हाला, घरच्या मैदानावर आपण जिंकतो ते सोडून तुम्ही हे परदेशातलं हरणंच का एवढं जीव लावून बघता? तुम्ही म्हणालात, "घरी कुणी बी राजा असतंय पोरी. बाहेर जाऊन, अंगावर बॉल झेलून, दिवसभर आऊट न होता थांबणं, ते खरं." तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आता वाटतं, त्या थांबण्यानंच घात केला.

लातूरच्या डॉक्टरांकडं तुमच्यासोबत मी गेले होते. हे पुण्याला गेले होते म्हणून. आत फक्त आपण दोघं होतो. डॉक्टर तुमच्याशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलले. शुगरच्या माणसाला छातीत कळ येईलच असं नाही, म्हणाले. नुसता घाम फुटला, हात जड पडला, तरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. मी मान डोलावली. एकदा नाही, तीनदा डोलावली.

आणि परत येताना नळेगावला बस थांबली, तेव्हा तुम्ही पेरू घेतले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणालात, "घरी काही सांगू नको. तुझी आत्या फजूल घाबरंल. मला मॅच बी बघू देणार न्हाई."

"हाव मामा," म्हणाले मी. का म्हणाले? एका पेरूवर गप्प बसले मी! तुम्हाला तरी माझ्यावर एवढं ओझं टाकावंसं कसं वाटलं हो? मी तुमची सून होते. मला तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

आता तो दिवस. ऑस्ट्रेलियातली तिसरी कसोटी, शेवटचा दिवस, इथं सकाळचे साडेअकरा-पावणेबारा. त्या दौऱ्यातही दोन हरलो होतो. सात विकेट गेल्या होत्या. आपला कीपर आणि नऊ नंबरचा, दोघं चिकटले होते. हे दुकानात, गौरी शाळेत. आत्याबाई दिवाणावर डाळ निवडत होत्या. मी दाराजवळच्या स्टुलावर.

थंडीचे दिवस, पंखा बंद, आणि तुमच्या कपाळावर घाम. तुम्ही उजव्या हातानं डावा दंड चोळत होता. मी पाहिलं, मामा. मला डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवला. मी उठले, "मामा, घाम लई यायलाय तुम्हाला, मी ह्यांना फोन करते" म्हणाले, आणि त्याच बॉलवर कीपरच्या बॅटची कड लागली. झेल. आठवी विकेट.

तुम्ही खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "उठलीस नं! कुणी सांगितलं होतं उठायला? घालवलंस नं त्याला!"

आत्याबाईही म्हणाल्या, "बस गं माय, बस जराशी."

तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात आणि तेच तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं. मला लाज वाटली. खरं सांगते, भीती नाही, लाज वाटली! जणू मीच तिकडं ऑस्ट्रेलियात जाऊन त्याला आऊट केलं होतं. मी बसले.

अकरा षटकं बाकी होती. पाऊण तास. मी टीव्ही पाहिलाच नाही, तुमच्याकडंच बघत होते. एकदा तुम्ही माझ्याकडं वळलात आणि हळूच ओठांवर बोट ठेवलंत. म्हणजे काय, मामा? गप्प बस, एवढंच? की आत्याबाईंना सांगू नको? तुम्हाला कळत होतं का? कळत असूनही तुम्ही मॅच बघत बसला होता? हे एक तरी सांगून जायचं होतं! दीड वर्ष झालं, भाकरी थापता थापता माझा हात थांबतो आणि ते बोट डोळ्यांपुढं येतं.

पुढं एकही विकेट गेली नाही. हेच मला सोसत नाही. मी बसले आणि एकही गेली नाही! तुमचा नियम खरा ठरला.

दवाखान्यात ह्यांनी विचारलं, "कधीपासून त्रास होत होता?" डॉक्टरही माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "आत्ताच. एकदम झालं." तेवढ्या तीन शब्दांवर हे घर उभं आहे आता. हे ज्याला त्याला सांगतात, "बाबांना काही त्रास झाला न्हाई. मॅच वाचली ते डोळ्यांनी पाहिलं आणि गेले." नांदेडच्या वन्संनी तेच त्यांच्या सगळ्या गणगोताला सांगितलं. ऐकणारे म्हणतात, काय भाग्याचं मरण! आत्याबाई त्या एका गोष्टीवर जगतात, मामा. मी ती कशी काढून घेऊ?

आपल्या लिंगायतांत माणसाला झोपवून नेत नाहीत, बसवून नेतात. तुम्हाला आंघोळ घालून, विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं. जो डावा हात तुम्ही चोळत होता त्याच्याच तळहातावर इष्टलिंग ठेवलं. लोक पाया पडत होते. माझी पाळी आली आणि मला पुढं जाववेना. तुम्ही तसेच ताठ बसला होता, हलायचं नाही म्हणून. मी ओरडले, "उठा की आता! संपली मॅच!" बायकांनी मला धरून मागं नेलं. सगळ्यांना वाटलं, सुनेचा किती जीव होता. जीव होताच. पण ते मी तुमच्यावर चिडून ओरडले होते.

अजून एक राहिलंय. ते मी कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

तुम्ही बोटांच्या पेरांवर बॉल मोजत होता, दर बॉलला अंगठा एक पेर पुढं. शेवटी शेवटी तुम्हाला बघवायचं नाही, मग तुम्ही डोळे मिटून नुसतं ऐकायचात आणि अंगठा चालू राहायचा. त्या दिवशीही डोळे मिटलेत. आत्याबाईंना त्यात नवं काहीच वाटलं नाही. पण मी अंगठ्याकडं बघत होते. चार षटकं आणि तीन बॉल राहिले होते तेव्हा तो थांबला. पुढचा बॉल पडला, अंगठा हलला नाही. त्याच्या पुढचाही पडला.

मला तेव्हाच कळलं, मामा. आणि मी तरीही बसून राहिले. उठले तर ते खरं होईल असं वाटलं. शेवटची चार षटकं मी तुमच्यासमोर, स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरून, बसून काढली. शेवटच्या बॉलला आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या, "वाचली हो!" म्हणून तुमच्याकडं वळल्या, आणि मग किंचाळल्या. तोवर मी काही केलं नाही. त्या चार षटकांत काही करता आलं असतं का? हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

म्हणजे तुम्ही शेवट पाहिलाच नाही. आणि सगळ्यांना वाटतं पाहिलात, म्हणून दीड वर्षात तुम्हाला कुणी सांगितलंही नाही. मी सांगते. मॅच वाचली, मामा. आपला नऊ नंबरचा शेवटपर्यंत उभा होता. शेवटचा बॉल त्याच्या बरगडीवर बसला, तो खाली वाकला, पण आऊट झाला नाही.

आता दोन वाजायला आलेत. हे तीनला येतील. मी वचन देते, टीव्ही लागायच्या आधी, गौरी आणि आत्याबाईंच्या समोर, मी ह्यांना सगळं सांगेन. लातूरच्या डॉक्टरांचं, पाऊण तासाचं, थांबलेल्या अंगठ्याचं. ते माझ्याशी कधी बोलणारही नाहीत कदाचित. आत्याबाई मला दारातही उभं करणार नाहीत. तरी सांगेन. आणि उद्या सकाळच्या बसनं ह्यांना लातूरला छाती दाखवायला नेईन, रागावलेले असले तरी नेईन. आपली टीम आज हरली तरी चालेल मला.

तुमची सून,
महानंदा