टॅन्सीला मारलेल्या हाका

थॉर्नलो, श्रॉपशर
२ ऑक्टोबर १९८८

ती. मॅबेलताईस,
धाकट्या सिरिलचा शि. सा. न.

पत्र पोचलं. गुडघे जिना चढू देत नाहीत म्हणून पलंग खालच्या खोलीत आणवलास, हे वाचून वाईट वाटलं. पण खिडकीतून समुद्र दिसतो म्हणतेस, तेवढं बरं झालं.

इकडची बातमी म्हणजे मी लेखक झालो आहे. हसू नकोस. आमच्या पंचायतीच्या मिसेस गॅटली गेल्या महिन्यात दारात येऊन म्हणाल्या की, गावाभोवती कुत्र्याला घेऊन फिरता येईल अशा सहा वाटांची पुस्तिका काढायची आहे आणि ती तुम्हीच लिहायची; अकरा वर्षं रोज दोनदा या वाटा तुडवणारं दुसरं आहे कोण? मी म्हटलं, बाई, मी अडतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलच्या खोलीत एकट्यानं दांडे ओढले, मला कुठलं लिहिता येतंय. तर म्हणाल्या की, मग टॅन्सीला विचारून लिहा.

तर तिला विचारून लिहितो आहे. कुंपणाच्या कोणत्या पायरीखालून कुत्र्याला घुसता येतं, कुठं मेंढ्या असतात म्हणून पट्टा लावायचा, कुठल्या पबमध्ये ओल्या कुत्र्यालाही शेकोटीपाशी बसू देतात, असं सगळं. चार वाटा झाल्या. पाचवी टेकडीवरची आहे, ती अडली आहे, कारण टॅन्सी अर्ध्या चढावर बसकण मारते. तेरावं लागलं तिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं हृदय बराच वेळ ऐकलं आणि मला काही न सांगता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आयव्ही जाऊन मी विधुर झालो त्याला आठ वर्षं झाली. तिनं हौसेनं आणलेलं हे पिल्लू. असो.

गुडघ्यांना जप. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
सिरिल

* * *

व्हिटबी
९ ऑक्टोबर १९८८

चि. सिरिल यास,
मॅबेलचे अनेक आशीर्वाद.

लेखकमहाशय, अभिनंदन! शाळेत निबंध मी लिहून द्यायची आणि छडी चुकली की तू जीभ मलाच दाखवायचास, हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापून टाक.

टॅन्सीला चढ झेपत नसेल तर पाचवी वाट राहू दे. माणसाचं आणि कुत्र्याचं म्हातारपण सारखंच, ढकलून पुढं जात नाही. मला काळजी तिच्यापेक्षा तुझी वाटते. तुझ्या पत्रांत ओढे असतात, झाडं असतात, खारी असतात. माणूस म्हणून शोधायला जावं तर दुकानवाली डोरा तेवढी भेटते, आणि तीसुद्धा बिस्किट टॅन्सीलाच देते. मला खरं सांग, तुझ्या स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीवर शेवटचं कोण बसलं होतं?

माझ्याकडे निदान रोज सकाळी नर्स येते. ती फार बोलते, पण येते.

उत्तर लवकर धाड. माया तर आहेच, ती काही गुडघ्यांत नसते.

तुझी,
मॅबेल

* * *

थॉर्नलो
६ नोव्हेंबर १९८८

ती. मॅबेलताईस,
सिरिलचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. टॅन्सी अठरा ऑक्टोबरला गेली. सकाळी उठवायला गेलो तर टोपलीत होती तशीच होती. मागच्या अंगणात सफरचंदाखाली खड्डा खणला. जमीन कडक होती, दुपार झाली.

आता जे लिहितो ते वाचून रागावशील. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला फिरायला निघालो. ताई, वाटेत सात माणसं भेटली. रोजचीच. एकही थांबलं नाही. पूर्वी प्रत्येक जण वाकायचा, तिचे कान ओढायचा, मग मान वर करून हवेबद्दल माझ्याशी दोन शब्द बोलायचा. त्या दिवशी कुणी वाकलं नाही, म्हणून कुणी मान वर केली नाही. डोरा दुकानाबाहेर खोकी लावत होती, तिनंही मला ओळखलं नाही. अकरा वर्षं मी गावाला पट्ट्याच्या एका टोकाला दिसत होतो. दुसरं टोक गेलं आणि मीही दिसेनासा झालो.

तिसऱ्या दिवशी सवयीनं पट्टा हातात घेऊन निघालो. डोरा लगेच बाहेर आली आणि विचारू लागली की, बाईसाहेब कुठं आहेत? माझ्या तोंडातून निघून गेलं की, मागं कुंपणात सशाच्या पाठी लागली आहे. ती हसली. दोन बिस्किटं दिली, तिच्या बहिणीच्या लग्नाचं सगळं सांगितलं. पाव तास बोलत होती.

तेव्हापासून रोज पट्टा घेऊन जातो. माणूस दिसलं की शीळ घालतो, कुंपणाकडे बघून टॅन्सी, टॅन्सी करतो. लोक थांबतात. बिस्किटं मी टेकडीवर कावळ्यांना घालतो. मिसेस गॅटलींनी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर टॅन्सीचा फोटो टाकायचं ठरवलं आहे.

दुसऱ्या खुर्चीचं विचारलं होतंस. तिच्यावर वर्तमानपत्रं आहेत.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
सिरिल

* * *

व्हिटबी
११ नोव्हेंबर १९८८

चि. सिरिल,
आशीर्वाद. आज तेवढेच.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा नर्सला वाचून दाखवलं. ती म्हणाली की, बिचारे! मी तिला म्हटलं की, बिचारा कसला, मूर्ख आहे.

अरे, टॅन्सी गेली हे सांगायला लाज कसली? सगळ्यांची कुत्री मरतात. सांगितलं असतंस तर लोक दोन दिवस तरी थांबून बोलले असते आणि ते बोलणं खरं असतं. आता जितके दिवस जातील तितकं तोंड उघडणं जड जाईल. हे पत्र मिळेल त्याच दिवशी डोराच्या दुकानात जा आणि सांगून मोकळा हो. थोडी बोलणी खावी लागतील, ती खा.

मला इथून उठून येता आलं असतं तर तुझा कान धरून नेलं असतं. येता येत नाही, याचाच जास्त राग येतोय.

जे होईल ते कळव. माझी माया तुझ्या खोट्यानं आटणार नाही.

मॅबेल

* * *

थॉर्नलो
२० नोव्हेंबर १९८८

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी, पंधरा तारखेला मिळालं. खिशात घालून निघालो. ठरवलं होतं की आधी टेकडीवर जाऊन येऊ, धीर गोळा करू आणि उतरल्यावर डोराला सांगू. पट्टा घरीच ठेवला.

वर दाट धुकं होतं. झाडं हातभर अंतरावर आली की दिसायची. मेंढ्याही दिसत नव्हत्या, नुसत्या खोकत होत्या. ती अर्ध्या चढावर जिथं बसायची तिथं पोचलो आणि काय झालं कुणास ठाऊक, मी तिला हाक मारली. ऐकायला कुणी नव्हतं, ताई. देवाशपथ, हे सोंग नव्हतं. एकदा मारली, आणि मग थांबताच येईना. घसा बसेपर्यंत हाका मारत राहिलो.

खालच्या रस्त्यानं डोरा कुणाचंसं सामान पोचवून परत येत होती. तिनं ऐकलं. टॅन्सी धुक्यात हरवली असं समजून ती गावात धावली. मी खाली उतरतो तोवर वीस-बावीस माणसं टेकडीवर पांगली होती. मिसेस गॅटली रबरी बूट घालून ओढ्यात उतरल्या होत्या. चहूकडून टॅन्सी, टॅन्सी ऐकू येत होतं. डोरा माझा हात धरून सांगत होती की, घाबरू नका, सापडेल, आपण सगळे आहोत ना.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. अर्धा तास त्यांच्याबरोबर मीही शोधत फिरलो. मग ओरडा झाला. पलीकडच्या मळ्यातला जेथ्रो बेव्हन, माझ्याच वयाचा, कमरेनं अधू, दगडांच्या खाणीजवळ घसरून चरात पडला होता. मनगट मोडलं. चौघांनी त्याला वर काढलं. तो आपला हात छातीशी धरून माझ्याकडे बघत होता आणि विचारत होता की, मिळाली का?

तेव्हा मी सांगितलं. ती महिन्यापूर्वीच गेली, सफरचंदाखाली आहे, असं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. डोरानं माझा हात सोडला. एकेक जण खाली उतरून गेला. कुणीतरी एवढंच म्हणालं की, चला, जेथ्रोला दवाखान्यात न्यायचंय.

पाच दिवस मी घरात आहे. पाव संपला आहे. पुस्तिकेचे कागद तेवढे रात्री जाऊन मिसेस गॅटलींच्या दारातून आत सरकवले, टेकडीची धरून पाच वाटांचे. सहावी लिहिली नाही. घर विकून कुठंतरी जावं असं मनात येतं, पण जिथं जाईन तिथंही मीच असणार.

सिरिल

* * *

व्हिटबी
२४ नोव्हेंबर १९८८

सिरिल, बाळा,
या पत्रात आशीर्वाद आधी नाही, शेवटी. आधी काम.

घर विकायचं नाही. पाव आणायचा. आणि जेथ्रोकडे जायचं. डोराकडे नंतर, गावाकडे नंतर, आधी ज्याचं मनगट मोडलं त्याच्याकडे. माफीचं भाषण तयार करू नकोस, तुला भाषण जमत नाही. दारात उभा राहा आणि तो म्हणेल ते ऐकून घे. त्यानं दार लावलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

मी इथं रोज दुपारी समुद्राकडे बघत असते. लोक कुत्री घेऊन वाळूवर फिरतात. काल मी काचेवर टकटक करून एका बाईला हात हलवला. तिला दिसलं नाही. तेव्हा तुला मूर्ख म्हटलं होतं ते मागं घेते.

आता आशीर्वाद. भरपूर. जा.

मॅबेल

* * *

थॉर्नलो
२९ नोव्हेंबर १९८८

ती. मॅबेलताईस,
सिरिलचा साष्टांग नमस्कार, गुडघे धरून.

आज गेलो. जेथ्रोचा मळा गावापासून मैलभर आत आहे. बायको कधीचीच वारली, मुलगा कॅनडात. दार त्यानंच उघडलं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला की, थंडी आत येतेय, दार लावा आधी.

मी दार लावलं. मग म्हटलं की, जे नव्हतं त्याला शोधताना तुमचा हात मोडला, हे मला सहन होत नाही. त्यावर तो खरंच चिडला. म्हणाला की, तुम्ही मला खुळा समजता काय? साठ वर्षं कुत्री पाळतोय मी. हरवलेलं कुत्रं धुकं विरलं की आपलं आपण घरी येतं, त्यासाठी कोण या कमरेनं टेकडी चढतोय! मी अंगणात होतो, वरनं तुमच्या हाका ऐकल्या. कुत्र्याला अशा हाका कुणी मारत नाही. म्हटलं, वर कुणी माणूस आहे आणि त्याचं काही बरं नाही. म्हणून आलो. मिळाली का म्हणून विचारलं, कारण दुसरं काय विचारायचं असतं ते मला येत नाही.

मान खाली घातली तर त्याच्या बुटांकडे लक्ष गेलं. नाड्या सुटलेल्या होत्या, टोकं आत खोचलेली. विचारलं, तर म्हणाला की, एका हातानं बांधून दाखवा. दोन आठवडे तसाच फिरतोय, गोठ्यात दोनदा पडता पडता वाचलो. शेजारीपाजारी कालवण आणून देतात, पण नाड्या बांधा म्हणून कुणाला सांगणार?

मी खाली बसलो आणि दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या. फार घट्ट झाल्या म्हणाला. सोडून पुन्हा बांधल्या. मग त्यानं चहा टाकला, डाव्या हातानं, निम्मा सांडला. टॅन्सीबद्दल आम्ही काही बोललो नाही. मेंढ्यांच्या खोकल्याबद्दल बोललो.

निघताना तो दारापर्यंत आला आणि हवेकडे बघत म्हणाला की, बूट रात्री काढावे लागतात. मी विचारलं, सकाळी किती वाजता घालता? तर म्हणाला, साडेसहाला.

डोरा अजून बोलत नाही. पाव देते, सुटे पैसे हातावर न ठेवता फळीवर ठेवते. होईल तेव्हा होईल. घरी आलो की शांतता तीच असते, ते काही बदललेलं नाही.

पण उद्या साडेसहाला पोचायचं तर सहाला निघायला हवं, म्हणून आता झोपतो. तू त्या काचेवर जरा जोरात टकटक कर.

तुझ्या लोभाचा भुकेला,
सिरिल