थेट बॅटरीवर जोडलेला दिवा

अण्णा, परळच्या शेडमध्ये महिनाभर उभ्या असलेल्या माझ्या गाडीची बॅटरी आज पुन्हा उतरलेली निघाली आणि तुमची आठवण झाली. प्रेमाने झाली असं समजू नका. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा गोड लिहायचं काही कारण नाही.

माझीही गाडी तुमच्या गाडीसारखीच आहे, झोपायला बाक आणि चहापुरती शेगडी. तुम्ही लालबागला भंगारातली मिनीबस आणून तिचं घर केलंत ते आईसाठी. तिला बसवत नव्हतं, निदान पडून तरी देवगडला माहेरी जाता यावं म्हणून. एवढं तुमचं मी कधी नाकारलं नाही. पडदे तिने अंथरुणातच शिवले. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी तुम्ही इंजिन चालू करायचात, आणि निघताना मेन स्विच बंद करायचं काम माझं. फक्त डॅशबोर्डवरच्या गणपतीचा लाल दिवा तुम्ही स्विचला वगळून थेट बॅटरीवर जोडला होता. देवाचा दिवा विझू द्यायचा नाही, म्हणालात.

मग आई महिनाभर हॉस्पिटलात होती आणि गाडीकडे कोणी फिरकलं नाही. ती घरी आली आणि जायचं ठरलं. सकाळी तिला उचलून आत झोपवलंय, डब्यात घावणे आहेत, अख्खी चाळ निरोप द्यायला खाली उतरलीय. सामान चढवताना कोणीतरी मेन स्विच आधीच चालू केलाय. तुम्ही किल्ली फिरवता, गाडी हूं की चूं करत नाही. तुम्ही वळता आणि बारा वर्षांच्या माझ्यावर बोट रोखता. "मेन स्विच हिनंच चालू ठेवला. हिच्यावर काही सोपवायची सोय नाही." मी बंद केला होता, अण्णा. तो खटका अजून बोटाला आठवतो.

चौघेजण ढकलायला पुढे झाले होते. "अण्णा, एक धक्का मारतो ना, होईल चालू!" तुम्ही किल्ली खिशात घातलीत. "आता कोणी कुठं जायचं नाही." आतून आई म्हणाली, "ऱ्हवांदे. मगे जावया." नंतर जाणं झालंच नाही. दिवाळीआधी ती गेली. आईचं माहेर माझ्यामुळे हुकलं, हे मी निम्मं आयुष्य धरून चालले, आणि मरेपर्यंत तुम्ही एकदाही त्यावर बोलला नाहीत.

आज इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. "मॅडम, मेन बंद आहे, तरी करंट खेचतंय." वायर चाचपत तो आईच्या फोटोपुढच्या लाल बल्बपाशी पोचला. बल्ब तुमच्याच हत्यारांच्या डब्यातला.

"एवढ्याशा दिव्याने उतरते बॅटरी?"

"महिना उभी राहिली तर उतरणारच ना."

मी बाकावर बसले. तुमचा देव, तुमची वायर, आणि बोट माझ्यावर. तुम्ही समोर असतात तर त्या चौघांना बोलावून सगळ्यांदेखत ऐकवलं असतं.

"हा डायरेक्ट कोणी जोडला?" त्याने विचारलं.

मीच जोडला होता, गेल्या वर्षी, माझ्या हाताने.

"वडिलांनी," मी म्हणाले.