भट्टीची पूजा

१ ऑक्टो., खंडेनवमी
पेंट शॉपमागची आमची भट्टी वर्षभर पेटलेली. रंगाची, थिनरची वाफ तिच्यात जळते, चिमणीतून नुसती गरम हवा बाहेर. एका दिवसाची सुट्टी असली तर मंद ठेवतो, विझवत नाही. पण चटके देणाऱ्या भट्टीला हळद-कुंकू कोण लावणार? मीच म्हटलं, यंदा बंद करू. झेंडूची माळ काय शोभली! फोटो आईला लातूरला पाठवला.

२ ऑक्टो., दसरा
घरमालकीण आक्कांकडे पुरणपोळी. सोनं दिलं, पाया पडले. घर कंपनीच्या मागच्याच आळीत, वर माझी खोली. आक्कांना दमा. मागे विचारलं होतं, हा रंगाचा वास तुमचा का गं? मी ठणकावून सांगितलं, आमची भट्टी सगळं जाळते, शेजारच्या कंपनीचा असेल. खरंच होतं ते, तेव्हा.

३ ऑक्टो.
भट्टी थंडगार. तापायला दुपार उजाडणार. माल आजच चाकणहून निघायचा, म्हणून आमच्या मॅनेजर थोरात सरांनी बायपास उघडायला लावला. म्हणजे वाफ भट्टीत न जाता थेट चिमणीत. मी म्हटलं, सर, मागे वस्ती आहे. तर म्हणाले, "मॅडम, भट्टी बंद कोणी केली?" लाइन चालू राहिली. नुसता संताप होतोय. सरांचा, की...

४ ऑक्टो.
आक्कांना कालपासून आडवं होता येत नाही. पंप मारूनही धाप. दवाखान्यात मीच नेलं. रिक्षात माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. तेव्हाच सांगायचं होतं. मग डॉक्टर, औषधं, घरी आणणं, राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.

५ ऑक्टो., रवि.
चैन नाही. जिना उतरते, अर्ध्यातून परत चढते. शेवटी मनाचा हिय्या करून खाली गेले, तर ओसरीवर अख्खी आळी. उद्या सकाळी शेजारच्या कंपनीच्या गेटवर जाब विचारायला जाणार. पुढे आक्काच, धापा टाकत.
"म्या समद्यांला सांगितलंय, आपली पोरगी त्या कामातली हाय, तिनंच सांगितलं वास त्यांचा म्हणून. तू बी चल. तुझं ऐकत्याल."
सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, येते.
दोन्ही गेटं एकाच रस्त्यावर. आमचं आधी लागतं.