आबांच्या दाढीखाली

३ फेब्रुवारी

— आधी दूध तापवायचं, मग कपडे भिजवायचे, मग भाजी चिरायची, आणि एवढं उरकलं की ह्यांना हाक. हे मागच्या खोलीतल्या स्टुलावर येऊन बसायचे. गळ्यात टॉवेल, चेहरा फाशी जाणाऱ्यासारखा. मी तळहातावर खोबरेल चोळायची आणि दाढीत बोटं घालायची. "हळू! चादर पिळतेस की काय!" रोज तेच वाक्य. विनोदात फार काटकसरी माणूस.

आज सकाळीही हे सगळं केलं. तोच स्टूल, तोच टॉवेल, तेच तेल. फक्त दाढी सासऱ्यांची.

हे गेले त्याला आता दुसरा हिवाळा. मुलगा गेला आणि आबांनी दाढी करणं सोडलं. आधी म्हणाले हात थरथरतो. मग म्हणाले पाणी गार आहे. जन्मभर गुळगुळीत गालांचा माणूस! आणि वाढली ती कशी — हुबेहूब ह्यांची. हनुवटीवर दोन भाग, डाव्या गालावर भोवरा. आबा खिडकीशी उभे असले आणि बाजूने नुसती दाढी दिसली की माझ्या हातातला चमचा थांबतो.

थांबतो, मग चालतो. काय करणार, भाजी करपते.

५ फेब्रुवारी

आबा खाजवतात. आज काट्याने खाजवत होते. जेवायच्या काट्याने!

८ फेब्रुवारी

ब्रशच्या कारखान्यात दिवसभर माझ्या हातात डुकराचे केस. विंचरायचे, मुळं एकीकडे, टोकं एकीकडे, जुड्या बांधायच्या. त्यामुळे केसांतलं आपल्याला कळतं अशी माझी ठाम समजूत. शेजारच्या टेबलावर भोंगा बसते. आवाजामुळे नाव पडलंय, तिला माहीत आहे, तिला आवडतं. तिला आबांची खाज सांगितली. अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "खाज म्हणजे कोरडेपणा! तेल वाढव!" मीही तेच म्हणणार होते. वाढवलं. आता सकाळी आणि संध्याकाळी. आबांच्या उशीत वात खोचली तर पहाटेपर्यंत जळेल.

कोंडाही पडतो. काळ्या स्वेटरवर तर बघवत नाही. आज चहात पडला. आबांनी बशी तिरकी करून पाहिलं आणि प्यायले. "माझाच आहे," म्हणाले.

११ फेब्रुवारी

नणंद आली होती. ह्यांची धाकटी बहीण. मन लोण्याचं, जीभ सुरीची. बापाला मिठी मारली आणि मागे सरली.

"वहिनी, वास कसला येतोय?"

मग आबांना दिव्याखाली नेलं आणि भांग पाडतात तशी दाढी बोटांनी दोन्हीकडे सारली. आत लाल चट्टे. वर पिवळट, तेलकट पापुद्रे. हनुवटीखाली तर खाजवून खाजवून रक्त.

मी रोज तीच दाढी विंचरते. आत कधी बघितलंच नव्हतं!

"माणूस सांभाळताय की मुरवताय?"

मला हसू आलं. वेळ चुकली, पण वाक्य चांगलं होतं.

"हसताय काय! मी सांगून ठेवते, महिना संपला की आबांना माझ्याकडे नेते. माझ्या सासूबाईंसाठी नर्स येतेच, ती आबांनाही बघेल. आबा, तुमचं काय म्हणणं?"

आबा भिंतीकडे बघत होते. "तुम्ही दोघी ठरवा."

चपला घालताना तिचा आवाज उतरला. "तुम्हाला दोष देत नाही हो मी. पण असं नको ना."

आबा गेले तर ह्या घरात मी आणि फ्रिज. फ्रिज घुरघुरतो, नाही असं नाही. पण त्याला हाक मारून स्टुलावर बसवता येत नाही.

१३ फेब्रुवारी

आबांना तीन जिने उतरवून दवाखान्यात नेलं. उतरण्यातच अर्धी सकाळ गेली. प्रत्येक वळणावर थांबायचं आणि जिना बांधणाऱ्याला शिव्या घालायच्या. पण रस्त्यावर पाय टेकला आणि माणूसच बदलला! चपला दुरुस्त करणाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा. बसथांब्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना उगाच वेळ विचारली, आणि त्यांची घड्याळं मागे आहेत म्हणून त्यांच्याशीच भांडले. अक्षरशः ओढून न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाई तरुण. दाढीत डोकावल्या. "तेल लावता का?"

"भरपूर!" मी छाती काढून सांगितलं. "दोनदा!"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

कातडीवर एक बारीक बुरशी असते म्हणे. सगळ्यांच्याच. बहुतेकांना तिचा त्रास नसतो, काहींना होतो. आणि तेल हे तिचं खाणं. "काकू, तुम्ही तिला दोन वेळचं जेवण घालत होता." तेव्हा तेल बंद. औषधी शाम्पू आठवड्यातून तीनदा, फेस पाच मिनिटं तसाच ठेवायचा. चट्ट्यांवर मलम, पातळ. "आणि दाढी काढलीत तर सगळ्यात उत्तम. औषध कातडीला पोचायला हवं, केसांना नाही."

"दाढी काढणार नाही," आबा.

"का हो आजोबा?"

"नाही म्हणजे नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं होतं — लिहूनच टाकते.

१४ फेब्रुवारी

वाचनालयातून कातडीवरचं जाडजूड पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं, आणि पुडीचा कागद नेमका रंगात आल्यावर फाटलेला असतो. त्यामुळे शेवटचं पान जाग्यावर असलेलं कुठलंही पुस्तक मला चैन वाटते. ह्यातली चित्रं मात्र जेवणाआधी बघू नयेत.

वाचून कळलं ते असं. ह्यांची कातडी होती कोरडी, थंडीत तडकायची, तिला तेल मानवायचं. आबांची मुळातच तेलकट. बाप-लेक झाले म्हणून काय झालं! दाढी ह्यांची समजून हात लावला, कातडी आबांची निघाली.

१६ फेब्रुवारी

पहिला शाम्पू. फेस लावला की आबांना तोंड उघडता येत नाही. पाच मिनिटं घराला सुट्टी! तेवढ्यात मी पेपर वाचून दाखवते. त्यांना निधनाच्या बातम्या आवडतात. आज एकाचं वय ऐकलं आणि राहवलं नाही, फेसातून बुडबुडा काढत म्हणाले, "माझ्याहून लहान! कसली घाई होती?"

मग कोमट पाणी. नखं लावायची नाहीत, नुसती बोटांची पेरं, थेट मुळापर्यंत. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. जन्मभर रगडतच आले मी. कपडे, भांडी, माणसं.

शेवटी आबांनी माझ्या हनुवटीकडे बोट केलं. "तुलाही एक आलाय. वेळेवर लक्ष दे." आरशात पाहिलं. खरंच! डुकराच्या जुडीत खपून जाईल असा. उपटला.

१९ फेब्रुवारी

भोंगाला सांगितलं, तेलाचा सल्ला चुकला. म्हणाली, "मग माझ्या नवऱ्याच्या टकलाला लावते ते?" म्हटलं, तिथे बुरशीसुद्धा उपाशी मरेल.

२१ फेब्रुवारी

गाल निवळले. कोंडा जवळजवळ गेला. हनुवटीखाली मात्र जसंच्या तसं. तिथे केस दाट, मलम वरच्या वर राहतं. सकाळी उशीवर पुन्हा रक्ताचा ठिपका.

नणंदेचा फोन. "पुढच्या रविवारी येते. कसं आहे?"

"सुधारतंय."

"वहिनी. खरं सांगा."

"हनुवटीखाली नाही."

खोटं बोलायला माझी ना नसते. पण हिचा आवाज थेट भावावर गेलाय. त्या आवाजापुढे जमत नाही.

२४ फेब्रुवारी

आज टिपताना हनुवटीखाली टॉवेल जरासा लागला आणि आबा कळवळले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी कात्री घेऊन पुढ्यात बसले.

"आबा, काढू या आता."

"नको."

"का पण? कुणाशी पैज लावलीय?"

"पैज कसली."

"मग?"

टॉवेलच्या सुताशी खेळत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवलीय."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

"मला काय हौस आहे होय? सूप गाळून पितो मी. धड झोप नाही. पण तो गेला आणि तू ताटावर नुसती बसायचीस आणि उठायचीस. बोलणं नाही, काही नाही. मग ही वाढली. एक दिवस तू तेलाची बाटली घेऊन आलीस, म्हणालीस, बसा इथे. त्या दिवशी पोटभर जेवलीस. मी म्हटलं, असू दे. दाढीच तर आहे."

"आणि मला बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर तू बाटली ठेवून दिली असतीस."

रक्त निघेपर्यंत! बावळट म्हातारा. आणि मी तरी कुठली शहाणी? मलाही ती कापायला नकोच होती. ते माझ्यासाठी ठेवून बसले आणि मी त्यांना माझ्यासाठी ठेवू दिली. रडले थोडी. टॉवेल ओलाच होता, खपून गेलं.

मग कापली. आधी कात्री, मग ह्यांचं मशीन. वस्तरा लावलाच नाही. जिथे कातडी फुटली होती तिथे मशीन उचलून धरलं. खाली केसांचा हा ढीग! सवयीने मी मुळं-टोकं लावायला घेतली. आबा म्हणाले, "आता माझा ब्रश करतेस का?" मग झाडू आणला.

चेहरा पाहिला. ह्यांचं काही म्हणजे काही नाही. गोल हनुवटी, मधे खळगा. नुसते आबा.

आबांनी आरसा हातात धरला. "अरे! हा गृहस्थ अजून आहे होय!"

१ मार्च

नणंद आली. आल्या आल्या आबांना दिव्याखाली नेलं, हनुवटी वर केली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. फिकट गुलाबी डाग फक्त. एक पापुद्रा शोधून सापडेना. तिने बापाच्या गालाला गाल लावला.

"वहिनी, हरले मी! मी उगाच बोलले त्या दिवशी. राहू देत आबा तुमच्याकडेच."

जिंकले! चहा ओतताना अर्धा बशीत गेला. "ऐकलंत का आबा? कुठे जायला नको!"

"असू दे," आबा म्हणाले. चहा प्यायले आणि खिडकीशी जाऊन खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले.

ती गेल्यावर मी गुणगुणत भांडी घासली. निम्मी झाली आणि हात थांबला. असू दे. हे दोन शब्द मी ह्याच आठवड्यात ऐकलेत, दाढीबद्दल.

४ मार्च

परवा सकाळी आबांच्या पुढ्यात बसले. हातात तेल नाही, कात्री नाही. विचारलं, "माझं राहू द्या. तुम्हाला तिच्याकडे जायचंय का?" स्वतःच्या गालावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिचं घर तळमजल्यावर आहे गं. दारासमोर बाक आहेत. दिवसभर म्हातारे भांडत बसतात." आणि लगेच, "पण तू —" मी म्हटलं, माझं मी बघेन.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी बोलावली, त्यांना तीन जिने उतरवलं आणि नणंदेकडे पोचवून आले.